खुराक २ किलो वाढवला, दूध अर्धाच लिटर वाढलं, फॅट उतरली. चूक कुठे होतेय?

नीराकाठ (प्रश्न)

फलटण तालुका, ६ संकरित एचएफ (होल्स्टीन) गायी, बांधीव गोठा. गायींची वजनं अंदाजे ४५० किलो. सध्या दर गायीला रोज जातं ते असं:

उसाचे वाढे (हिरवे शेंडे) २० किलो, अख्खेच टाकतो, नेपियर (हत्तीगवत) कुट्टी १० किलो, ज्वारीचा कडबा कुट्टी २ किलो, गोळी पेंड ६ किलो, सरकी पेंड १ किलो, खनिज मिश्रण ३० ग्रॅम. खुराक (दोन्ही पेंडी मिळून) दोन्ही धारांना निम्मा निम्मा. पाणी दिवसातून तीन वेळा हौदावर नेऊन.

दीड महिन्यापूर्वी गोळी पेंड ४ किलो होती. तेव्हा सरासरी १२.५ लिटर, फॅट ३.६, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ८.४. आता १३ लिटर, फॅट ३.२, एसएनएफ ८.२. पेंड ३४ रुपये किलो पडते आणि दुधाचा मूळ दरही ३४ च्या आसपास आहे. "लिटरमागे ४०० ग्रॅम अधिक शरीरासाठी दीड किलो" या हिशेबाने खुराक बरोबर बसतो. मग दूध का वाढत नाही? खुराक अजून वाढवू, की कंपनी बदलू?

काटा-मापट

दादा, कंपनी नंतर बघू. आधी हे पाहा की दूध वाढलेलंच नाही, उलट घटलंय.

वेगवेगळ्या फॅटचं दूध लिटरवर तोलता येत नाही, त्यासाठी ते ४ टक्के फॅटच्या दुधात बदलून घेतात. सूत्र सोपं आहे: दुधाचं किलोतलं वजन गुणिले ०.४, अधिक त्यातल्या फॅटचं किलोतलं वजन गुणिले १५. लिटरचे किलो करायला १.०३ ने गुणायचं.

आधी: १२.५ लिटर म्हणजे १२.८८ किलो, त्यात फॅट ०.४६३ किलो. ५.१५ + ६.९५ = १२.१ किलो.
आता: १३ लिटर म्हणजे १३.३९ किलो, त्यात फॅट ०.४२८ किलो. ५.३६ + ६.४३ = ११.८ किलो.

दोन किलो पेंड जास्त खाऊन गायीने कासेत कमी उतरवलं. ६८ रुपयांची पेंड घालून १७ रुपयांचं अर्धा लिटर दूध आलं, म्हणजे गायीमागे रोज ५१ रुपये गेले. सहा गायींचे ३०६, महिन्याला ९,१८० रुपये. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या खाली गेल्यावर डेअरी प्रत्येक पॉइंटला जे कापते ते यात धरलेलं नाही.

आता खाण्याकडे येऊ. वैरण ओल्या वजनावर मोजायची नाही, तिच्यातलं पाणी वजा करून उरणारा शुष्क पदार्थ मोजायचा. वाढ्यात साधारण २८ टक्के धरा, नेपियरमध्ये २०, कडबा आणि पेंडीत ९० च्या आसपास. तुमच्या आकड्यांवरून वाढे ५.६, नेपियर २, कडबा १.८, गोळी पेंड ५.४, सरकी पेंड ०.९. एकूण १५.७ किलो. हे ४५० किलोच्या गायीच्या वजनाच्या साडेतीन टक्के झालं. दुभत्या संकरित गायीला कागदावर भरपूर आहे.

पण हे तुम्ही *टाकलेलं* आहे. गायीने *खाल्लेलं* किती, ते चघळ (गव्हाणीत उरलेली वैरण) मोजल्याशिवाय कळणार नाही. अख्खे वाढे टाकले की गाय पाला ओढून खाते आणि बुडखा गव्हाणीत सोडते. तीन दिवस एवढं करा:

पहिल्या दिवशी पहाटे गव्हाण झाडून कोरडी करा. दिवसभर जे टाकाल ते प्रत्येक वेळी ताणकाट्यावर तोलून टाका. दुसऱ्या पहाटे, नवीन वैरण टाकायच्या आधी, प्रत्येक गायीपुढचं चघळ वेगळं गोळा करून तोला. शेजारची गाय तोंड घालणार नाही अशी आडकाठी लावा, नाहीतर आकडे खोटे येतात. तीन दिवसांची सरासरी काढा.

शुष्क पदार्थ काढायला मायक्रोवेव्ह चालतो. बारीक केलेला १०० ग्रॅम चारा ताटलीत पसरा, कोपऱ्यात पाण्याची अर्धी वाटी ठेवा (चारा पेट घेऊ नये म्हणून). आधी ३ मिनिटं, मग १-१ मिनिट, दर वेळी वजन करा. सलग दोनदा वजन सारखं आलं की थांबा. जितके ग्रॅम उरले तितके टक्के शुष्क पदार्थ. चघळाचाही असाच नमुना घ्या.

आणि गायींची वजनं अंदाजे नकोत, टेप लावा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी इंचांत. घेर × घेर × लांबी ÷ ६६० = किलो. घेर ७२ आणि लांबी ५८ असेल तर साधारण ४५५ किलो.

वैरणकाडी

वरच्या हिशेबात दम आहे. फॅट का उतरली ते त्यात आलं नाही, ते सांगते.

एका धारेला साडेतीन किलो खुराक एकदम पोटात जातो. त्यातला स्टार्च कोठीपोटात (गायीच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) तासा-दोन तासांत आंबतो आणि आम्ल तयार होतं. गाय रवंथ करते तेव्हा लाळ सुटते, आणि लाळेतल्या सोड्याने ते आम्ल मरतं. पण लाळ सुटायला चावण्याजोगी लांब, कोरडी वैरण लागते. तुमच्या गायींना तशी म्हणजे फक्त दोन किलो कडबा. वाढ्याचा जाड भाग तर त्या सोडूनच देत असणार. आम्ल वाढलं की काडी पचवणारे जिवाणू आधी मरतात. दुधातल्या फॅटचा बराच भाग ज्या ॲसिटिक आम्लापासून बनतो ते याच जिवाणूंच्या कामातून येतं. म्हणून पेंड वाढवली की आधी फॅट पडते, मग वैरण पचेनाशी होते, मग भूक मंदावते. एसएनएफ खाली आलंय त्याचाही धागा इथेच आहे, कारण कोठीपोटातल्या जिवाणूंची वाढ कमी झाली की दुधातलं प्रथिन घटतं.

कागदावर खात्री करायची गरज नाही, गोठ्यात दिसतं. खुराकानंतर दोन-तीन तासांनी जा. बसलेल्या गायींपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. एक घास किती वेळा चावते मोजा: ५० ते ६० ठीक, ४० च्या खाली असेल तर तोंडाला काडी कमी पडतेय. मग शेण बघा. पातळ, चकचकीत, बुडबुडे असलेलं, किंवा एकाच गोठ्यात एकीचं घट्ट आणि दुसरीचं पातळ, ही आम्लाची खूण. मूठभर शेण पिठाच्या चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवा. मक्याचे तुकडे आणि अर्धा इंचाहून लांब काड्या उरल्या तर ते पैसे उकिरड्यावर चाललेत.

आजपासून करण्यासारखं:

धारेच्या अर्धा तास आधी प्रत्येक गायीला एक किलो कडबा. रिकाम्या पोटी पेंड कधीच नाही.

खुराक दोनऐवजी चार वेळा, एका वेळी दोन किलोच्या वर नको. धारेला दोन हिस्से, उरलेले दोन दुपारी आणि रात्री वैरणीत कालवून.

वाढे कुट्टीयंत्रातून काढा, तुकडा साधारण एक इंच. त्याहून बारीक भुगा करू नका. भुगा कोठीपोटात तरंगत राहत नाही, झटकन पुढे सरकतो, आणि रवंथही होत नाही. कुट्टीयंत्राच्या पात्या बोथट असतील तर चारा कापला जात नाही, चेचला जातो. पात्यांना धार लावून घ्या.

खाण्याचा सोडा १०० ते १५० ग्रॅम रोज, दोन भागांत, पेंडीत मिसळून. तीन-चार आठवडे पुरे. सोडा हा आधार आहे, मूळ दुरुस्ती काडीची. नुसता सोडा घालून सात किलो पेंड चालू ठेवाल तर पुन्हा इथेच याल.

खनिज मिश्रण ३० ग्रॅम फारच कमी आहे. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते गायीच्या उपयोगी पडत नाही. वाढे चालू असेपर्यंत चांगलं खनिज मिश्रण ६० ते ८० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम वेगळं द्या.

मुक्तसंचार

पाण्याबद्दल कोणी बोललं नाही. दिवसातून तीनदा हौदावर नेता, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. १३ लिटरच्या गायीला साध्या हवेत ६० ते ८० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात १०० च्या पुढे. गाय धार झाल्यावर आणि खाता खाता पिते. पाणी समोर नसेल तर ती खाणंच आखडतं घेते, कारण कोरडा घास पाण्याशिवाय पुढे सरकत नाही. गव्हाणीला लागून दोन गायींमध्ये एक आपोआप भरणारी वाटी बसवा, किंवा अर्धं पिंप कापून फ्लोट व्हॉल्व्ह लावा. आठवड्यातून दोनदा चुना लावून घासा, शेवाळलेलं पाणी गाय टाळते.

जमत असेल तर सरळ मुक्त गोठा करा. जागा नसेल तर निदान रात्री तरी मोकळ्या सोडा.

उन्हाचं म्हणाल तर तापमान आणि दमटपणाचा निर्देशांक ७२ ओलांडला की एचएफ रक्ताच्या गायीची भूक उतरते. फलटणला मार्चपासून दुपारी तो ओलांडतोच. म्हणून दिवसाच्या वैरणीचा ६० ते ७० टक्के भाग संध्याकाळी सहा ते सकाळी सहाच्या दरम्यान टाका. दुपारी टाकलेला ओला चारा गव्हाणीत तापतो, आंबूस वास येतो, मग गाय नाक लावून बाजूला होते.

माझं मत: वाढ्यांवर दूध काढायचा हट्ट सोडा, मक्याचा मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) चालू करा. १५ ते १८ किलो मुरघास आणि सोबत लसूणघास दिलं की पेंड आपोआप खाली येते.

वैरणकाडी

मुक्तसंचार दादा, मुरघासाला माझा विरोध नाही, पण आत्ता नको. मुरघासातही स्टार्च असतो. आम्लाने बिघडलेल्या पोटात सात किलो पेंड आणि वरून १५ किलो मुरघास म्हणजे आगीत तेल. आधी पंधरा दिवस पोट रुळावर येऊ दे, पेंड खाली येऊ दे. मग रोज दोन-दोन किलोने मुरघास वाढवत न्यावा.

नीराकाठ

तिन्ही दिवस तोललं. वाढ्यांचा शुष्क पदार्थ ३१ टक्के आला, नेपियरचा १७. चघळ सरासरी साडेसहा किलो, जवळजवळ सगळा वाढ्याचा बुडखा. रवंथ: दुपारी सहापैकी दोनच करत होत्या, घासाला ४२-४५ चावे. चाळणीत मक्याचे पांढरे तुकडे भरपूर दिसले.

प्रत्येक गायीचं वेगळं दूध: १९, १६, १४, १२, १०, ७ लिटर. १९ वाली २५ दिवसांपूर्वी व्यायलेली. ७ वाली सहा महिन्यांची गाभण. सगळ्यांना खुराक सारखाच, सात किलो. १९ वालीची फॅट एकटीची ४.० लागली, बाकीच्यांची तीनच्या आसपास.

युरिया प्रक्रिया करून कडबा दिला तर फायदा होईल का? आणि एकाने बायपास फॅट (कोठीपोटात न फुटता पुढे जाऊन पचणारी चरबी) सुचवलंय.

काटा-मापट

मोजून आल्याबद्दल मनापासून आभार. बहुतेक चर्चा इथेच अंदाजावर अडकून पडतात.

खाल्लेलं: वाढे ६.२ मधून चघळाचे २ वजा, ४.२. नेपियर १.७, कडबा १.८, खुराक ६.३. एकूण १४ किलो. त्यात खुराक ४५ टक्के, तोही दोन वेळांत. ११.८ भागिले १४, म्हणजे एक किलो शुष्क पदार्थामागे ०.८४ किलो दूध, ही झाली कार्यक्षमता. संकरित कळपाची सरासरी १.२ च्या पुढे असायला हवी.

पण खरी गळती तुमच्या शेवटच्या ओळीत आहे: सगळ्यांना सारखाच सात किलो. सात लिटरची गाय सात किलो खुराक खाऊन दूध देत नाही, चरबी साठवते. जास्त लठ्ठ झालेली गाय विताना अडते, आणि व्यायल्यावर तिची भूक उशिरा उघडते. एकोणीस लिटरवालीला तोच सात किलो कमी पडतोय. तिची कार्यक्षमता काढली तर दीडच्या जवळ येईल. ते पाहून खूश होऊ नका. ती अंगची चरबी वितळवून दूध देतेय, फॅट ४ लागण्याचं एक कारण तेच असू शकतं. व्यायल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत आकडा फार चांगला दिसला तर गायीच्या बरगड्या आणि माकडहाडाजवळचे खड्डे बघायचे. फॅट साडेचारच्या वर गेली, पेंड सोडून नुसता कडबा खायला लागली, किंवा तोंडाला गोडसर वास आला तर किटोसिससाठी (अंगची चरबी फार वितळल्याने होणारा आजार) डॉक्टरांना लगेच बोलवा.

वाढे कुट्टी करून चघळ एक-दीड किलोवर आणलं तर प्रत्येक गायीच्या पोटात दीड किलोच्या आसपास शुष्क पदार्थ जास्त जाईल. ते धरून खुराकाची वाटणी अशी करा (सरकी पेंड धरून):

१९ लिटर: ८ किलो, चार वेळा
१६ लिटर: साडेसहा
१४ लिटर: साडेपाच
१२ लिटर: साडेचार
१० लिटर: साडेतीन
७ लिटर: अडीच

बेरीज साडेतीस किलो. आज ४२ जातोय. रोज साडेअकरा किलो वाचले, ३९१ रुपये. एका झटक्यात कमी करू नका, दर तिसऱ्या दिवशी अर्धा किलो. दूध पहिल्या आठवड्यात थोडं मागेपुढे होईल, घाबरून परत वाढवू नका. फॅट आठ-दहा दिवसांत वर यायला लागते. १९ वालीला वाढवतानाही अर्ध्या किलोनेच, आणि तिचा कडबा तीन किलोवर न्या.

"लिटरमागे ४०० ग्रॅम" हा ठोकताळा खोटा नाही, पण वैरण निकृष्ट असेल आणि नुसत्या वैरणीवर शरीराचंही पोषण पुरं होत नसेल अशा ठिकाणी तो लागतो. चांगली वैरण पोटात जात असेल तर सुरुवातीचा दीड किलो वगळायला हरकत नाही, कमी दुधाच्या गायींना तर नक्कीच.

युरिया प्रक्रिया: तुम्हाला गरज नाही. ती निकृष्ट काडात प्रथिन आणि पचनीयता वाढवायला करतात (१०० किलो काडाला ४ किलो युरिया ४० लिटर पाण्यात, २१ दिवस झाकून). तुमची गोळी पेंड २० टक्के प्रथिनाची असेल तर सरासरी १३ लिटरच्या गायीला आत्ताच प्रथिन जास्त होतंय. गोठ्यात मूत्राचा डोळ्यांत झोंबणारा वास येतो का बघा, तेच जादा प्रथिन. गव्हाचं काड भरपूर आणि पेंड परवडत नाही अशा गोठ्याला ती कामाची.

बायपास फॅट: फक्त १९ वालीला, १०० ते १५० ग्रॅम, पहिले ९० दिवस. बाकी गायींची फॅट त्याने वर काढू पाहाल तर मूळ दुखणं झाकलं जाईल.

सात लिटरवालीचं पुढच्या सव्वा महिन्यात आटवायचं बघा. विण्याआधी ६० दिवस कोरडे मिळालेच पाहिजेत.

मुक्तसंचार

दोन गोष्टी राहिल्या. सगळ्या गायींची सीएमटी (कासदाह ओळखायची दुधाची चाचणी) करून घ्या. सुप्त कासदाहात सडातून गाठी येत नाहीत, दूध साधं दिसतं, पण ते सड कमी देतं आणि एसएनएफ उतरतं. आणि शेणाचा नमुना जंतांसाठी तपासून मगच औषध द्या.

मुरघासाचं मान्य, आधी पोट सुधारू दे. पण मका आत्ताच पेरायला घ्या म्हणजे पुढे हाताशी येईल. नुसता पाला वाढणारी आफ्रिकन टॉल घेऊ नका, दाणे भरणारा संकरित मका घ्या. मुरघासातली ताकद कणसात असते. कणीस मधोमध मोडून दाणा बघायचा. टोकाकडून येणारी पिवळी कड आणि खालचा दुधाळ भाग यांची रेघ दाण्याच्या मध्यावर आली की कापणी. त्या वेळी शुष्क पदार्थ ३० ते ३५ टक्के असतो. कुट्टी मुठीत दाबून सोडा: पाणी टपकलं तर घाई झाली, गोळा झटकन सुटला तर उशीर झाला, सावकाश उलगडला तर बरोबर. तुकडा १ ते २ सेंटिमीटर, दाणा फुटलेला हवा. थर देऊन इतकं तुडवा की अंगठा आत जाता कामा नये, हवा राहिली की बुरशी ठरलेली. ४५ दिवस बंद. उघडल्यावर रोज समोरच्या तोंडावरून निदान अर्धा फूट काढला पाहिजे, म्हणून सहा गायींना खड्डा अरुंद घ्या किंवा पिशव्या भरा. बुरशी लागलेला भाग गाभण गायीला तर चुकूनही घालायचा नाही.

नेपियर १७ टक्के आला म्हणजे कोवळाच कापताय, ते चांगलं. ४५ ते ५० दिवसांवर कापत राहा, दोन महिन्यांच्या पुढे गेला की त्याचंही वाढ्यासारखंच होतं.

नीराकाठ

पात्यांना धार लावून आणली, कालपासून वाढे इंचाच्या कुट्टीत. आज सकाळचं चघळ गायीमागे दोन किलोच्या आत. वाढे तेवढेच २० टाकू, की गव्हाण रिकामी होईल इतकंच टाकू?

वैरणकाडी

गव्हाण कधीच चाटूनपुसून रिकामी दिसू नये. टाकलेल्याच्या ३ ते ५ टक्के उरलं पाहिजे, म्हणजे एकूण वैरणीच्या ३२ किलोत एक-दीड किलो. त्याहून कमी उरलं तर ती उपाशी राहिली, पुढच्या दिवशी दोन किलो वाढवा. जास्त उरलं तर लगेच कमी न करता आधी चघळ हातात घेऊन बघा: नुसत्या काड्या उरल्यात, म्हणजे अजून निवडून खातेय, तर कुट्टीवर अर्धा बादली पाणी शिंपडून पेंडीचा दुपारचा हिस्सा त्यात कालवा, निवडता येत नाही. रात्री झोपायच्या आधी एकदा गव्हाणीतली वैरण हाताने गायीपुढे ढकलून या. दर चार दिवसांनी चाळणीत शेण धुवून बघत राहा, मक्याचे तुकडे कमी होत गेले की पेंड उतरवण्याचा वेग बरोबर आहे असं समजा.